कार्ब्युरेटर गेला, कारागीर टिकला पाहिजे

१५ एप्रिल १९९४ हा दिवस यवतमाळच्या जुन्या मंडळींच्या स्मरणात असेल. मूर्तिजापूर ते यवतमाळ या नॅरोगेज मार्गावर धावणाऱ्या ‘शकुंतले’चे वाफेचे इंजिन त्या दिवशी निवृत्त झाले आणि त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेल्या त्या इंजिनाने सत्तर वर्षांहून अधिक काळ वऱ्हाडचा कापूस आणि वऱ्हाडची माणसे वाहिली. त्याच्या जाण्याची बातमी झाली, आठवणी लिहिल्या गेल्या, हळहळ व्यक्त झाली.

१ एप्रिल २०२० रोजी आणखी एक तंत्रज्ञान भारतीय रस्त्यावरून हद्दपार झाले. त्याची मात्र कोणी हळहळ केली नाही. करायला वेळही नव्हता. देश टाळेबंदीत होता, रस्ते ओस पडले होते आणि प्रत्येक घरात चिंता वेगळीच होती. त्या दिवसापासून ‘भारत स्टेज-६’ ही उत्सर्जन मानके देशभर लागू झाली आणि नव्या दुचाकीतून कार्ब्युरेटर नावाचा सुटा भाग जवळजवळ नाहीसा झाला. काही स्वस्त मॉडेलांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण बसवलेला कार्ब्युरेटर पुढेही राहिला; पण मिस्त्रीच्या हाताला ओळखीचा असलेला, निव्वळ यांत्रिक कार्ब्युरेटर नव्या गाडीत उरला नाही. वाफेच्या इंजिनाबरोबर मूठभर रेल्वे कामगारांचे कौशल्य कालबाह्य झाले होते. कार्ब्युरेटरबरोबर गावोगावच्या हजारो हातांचे कौशल्य पणाला लागले आहे. म्हणूनच या बदलाचा विचार केवळ यंत्राच्या अंगाने करून भागणार नाही.

सोपे यंत्र, हाताला कळणारी विद्या

कार्ब्युरेटरचे काम एका वाक्यात सांगता येते. इंजिनात जाणाऱ्या हवेत योग्य प्रमाणात पेट्रोल मिसळणे. हवेची वाट एका ठिकाणी अरुंद केली की तेथे तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल वर खेचले जाते आणि तुषार होऊन हवेत मिसळते. एका छोट्या टाकीत तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी सांभाळतो. थंडीच्या सकाळी चोक ओढला की हवा कमी होते, मिश्रण दाट होते आणि इंजिन सुरू होते. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने जवळजवळ एकाच वेळी या कल्पनेला व्यवहार्य रूप दिले आणि पुढची शंभर वर्षे जगातील मोटारी याच तत्त्वावर धावल्या.

भारतीय मध्यमवर्गाच्या जीवनात तर या यंत्राला कौटुंबिक स्थान होते. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन १९७२ साली आलेली बजाज चेतक घरात येण्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. ती आली की सकाळी ऑफिसला निघताना स्कूटर एका बाजूला कलती करून मग किक मारण्याचा विधी घराघरात सुरू होई. गाडी ‘मिसिंग’ मारू लागली, पिकअप गेला, पेट्रोल ‘ओव्हर’ होऊ लागले की चौकातला मिस्त्री दोन-चार पाने आणि एक पेचकस घेऊन बसे. कार्ब्युरेटर खोलायचा, पेट्रोलने धुवायचा, जेटमध्ये फुंकर मारायची, स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे करून कानाने इंजिनाचा ठेका ऐकायचा. अर्ध्या तासात गाडी रस्त्यावर.

ही विद्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. ती हातातून हातात गेली. बारा-चौदा वर्षांचा मुलगा पाने उचलून देता देता शिकला, पुढे आपले स्वतःचे दुकान टाकता झाला. पदवी नाही, भांडवल नाही, शिफारस नाही. तरीही स्वाभिमानाने जगता येईल असा उद्योग या एका साध्या यंत्राने लाखो कुटुंबांना दिला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

जाणे अटळ का होते?

मग असे गुणी यंत्र घालवायचे कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर भावनेत नाही, रसायनशास्त्रात आहे. पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. कार्ब्युरेटरचे जेट ठरावीक मापाचे. त्याला बाहेरची हवा बदलली हे कळत नाही. यवतमाळचा मे महिना पंचेचाळीस अंशांना टेकतो आणि डिसेंबरची पहाट चांगलीच गारठवते. हवा तापली की विरळ होते, गारठली की दाट. त्याच कार्ब्युरेटरमधून एका ऋतूत मिश्रण जास्त पेट्रोलचे होते, दुसऱ्या ऋतूत कमी पेट्रोलचे. न जळलेले पेट्रोल आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड धुराड्यातून बाहेर पडतो. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात तर ताज्या मिश्रणाचा काही भाग जळण्यापूर्वीच धुरासोबत निसटून जात असे. ग्राहक त्याचे पैसे मोजत होता आणि त्याचीच मुले तो धूर श्वासात घेत होती.

धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. पण त्याचे काम नीट चालण्यासाठी मिश्रणाचे प्रमाण काटेकोर असावे लागते. धुराड्यातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, त्यावरून क्षणाक्षणाला हिशेब करणारा छोटा संगणक आणि त्याच्या आज्ञेने मोजके पेट्रोल फवारणारा इंजेक्टर ही त्रयी त्यासाठीच आली. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारींतून कार्ब्युरेटर हटू लागला. दुचाकींची पाळी वीस वर्षांनी आली, इतकेच.

ही मानके परक्यांनी लादली, असा एक सूर अधूनमधून ऐकू येतो. त्यात तथ्य एवढेच की त्यांची चौकट युरोपच्या मानकांवर बेतलेली आहे. परंतु भारताने ती आपल्या गतीने आणि आपल्या माणसांच्या सल्ल्याने स्वीकारली. पेट्रोल वाहनांसाठी पहिली मानके १९९१ साली आली. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वाहन-इंधन धोरणाचा आराखडा दिला आणि २००३ मध्ये सरकारने तो स्वीकारला. पुण्यात १९६६ पासून कार्यरत असलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने वाहनांच्या चाचण्यांचा भार उचलला. पुढे २०१६ च्या जानेवारीत नितीन गडकरी यांनी पाचवा टप्पा वगळून थेट सहाव्या टप्प्यावर जाण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा अनेकांनी तो अव्यवहार्य ठरवला होता. तेल कंपन्यांनी पेट्रोल-डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांमागे ५० वरून १० वर आणले आणि ठरलेल्या तारखेला देशभर इंधन मिळाले. डिझेल मोटारींच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा या एका उडीत सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आली. हे भारतीय तंत्रज्ञांचे आणि निर्णयशक्तीचे यश आहे.

आणखी एक गोष्ट. लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल भारत आयात करतो. वाया गेलेला पेट्रोलचा प्रत्येक थेंब परकीय चलनात मोजावा लागतो. तेव्हा इंधन मोजून वापरणारे यंत्र स्वीकारणे हा स्वदेशीच्या विचाराशी द्रोह नाही. ते त्या विचाराचेच पालन आहे.

चौकातल्या मिस्त्रीचे काय?

येथपर्यंत सारे योग्यच झाले. प्रश्न उरतो तो यापुढचा. यवतमाळ हा सोळा तालुक्यांचा, सत्तावीस लाखांहून अधिक लोकवस्तीचा जिल्हा. उमरखेडपासून वणीपर्यंत, नेरपासून झरी-जामणीपर्यंत पसरलेला. येथे दुचाकी ही चैनीची वस्तू नाही. शेतावर जाण्यासाठी, दूध घालण्यासाठी, कापसाचे बियाणे आणण्यासाठी, आजाऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेण्यासाठी तीच आधार आहे. ती बंद पडली तर दिवस मोडतो.

कंपन्यांची अधिकृत सेवा केंद्रे जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी आहेत. पण आडवळणाच्या गावातल्या शेतकऱ्याला तेथपर्यंत गाडी नेणे म्हणजे टेम्पोचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी. त्याची भिस्त फाट्यावरच्या मिस्त्रीवर असते. आणि तोच मिस्त्री आज नव्या गाडीपुढे हतबल होऊन उभा आहे. दिवा लागतो, गाडी सुरू होत नाही, आणि फुंकर मारायला जेट नाही. दोष कोठे आहे हे गाडीच्या संगणकालाच ठाऊक असते. ते वाचायला स्कॅनर लागतो, आणि स्कॅनरने दाखवलेल्या संकेताचा अर्थ कळायला शिक्षण लागते. २०२३ च्या एप्रिलपासून दुचाकींतील दोष-निदान व्यवस्था आणखी कडक झाली आहे. म्हणजे गाठ सैल होण्याऐवजी अधिकच आवळली जाणार.

येथे एक मूलभूत मुद्दा विसरला जातो. मानक कारखान्याच्या दारात पाळले गेले म्हणजे हवा शुद्ध झाली असे नव्हे. हमीची पहिली काही वर्षे गाडी कंपनीच्या देखरेखीखाली राहते. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे ती मिस्त्रीच्या हाती असते. अज्ञानामुळे त्याने सेन्सरची तार तोडली, तुंबलेला कन्व्हर्टर काढून नुसती नळी बसवली, की भारत स्टेज-६ ची गाडी धुराच्या बाबतीत तीस वर्षे मागे जाते. म्हणजे स्वच्छ हवेचे जे राष्ट्रीय धोरण दिल्लीत ठरते, ते अखेर आर्णी रोडवरच्या एखाद्या पत्र्याच्या टपरीत पाळले जाते किंवा मोडले जाते. त्या टपरीला धोरणात स्थान नसेल तर ते धोरण अपुरे आहे.

दुसरीकडे जुनी गाडीही संपलेली नाही. २०२० पूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्या खेड्यापाड्यांत अजून धावत आहेत. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळले जाते. शेतकऱ्याच्या उसाला आणि मक्याला त्यातून बाजार मिळतो, आयात घटते. धोरण स्वागतार्हच आहे. परंतु इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण विरळ होते. इंजेक्शनची गाडी ते स्वतः सावरून घेते, कार्ब्युरेटरला ते जमत नाही. काही जुन्या वाहनांतील रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितले. हे काम कोण करणार? पुन्हा तोच मिस्त्री. शिवाय फवारणीचे पेट्रोल पंप, कोळपणीची यंत्रे, लहान जनरेटर यांत कार्ब्युरेटर आजही नांदतो आहे. म्हणजे त्याला जुनी विद्या टाकता येत नाही आणि नवी मिळत नाही, अशी ही कोंडी आहे.

कुलूप आणि किल्ली

या कोंडीचे एक कारण व्यापारी आहे. गाडी ग्राहकाची, पैसे ग्राहकाचे, पण तिच्या संगणकाची किल्ली कंपनीकडे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या निकालात चौदा मोटार कंपन्यांना एकूण २५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि दोष-निदानाची साधने स्वतंत्र कारागिरांना मिळू न देणे ही स्पर्धेची गळचेपी आहे, असे आयोगाने नमूद केले. त्या यादीत विदेशी कंपन्यांबरोबर देशी नावेही होती, हे स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी विसरू नये. पुढे प्रकरण अपिलात गेले. पण प्रश्न तेथेच राहिला.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात घेतली. दिशा योग्य आहे. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. माहिती देणे कंपनीच्या सौजन्यावर अवलंबून असेल तोवर हक्क हा शब्द अपुराच राहील. गाडीची दुरुस्ती-पुस्तिका स्वतंत्र कारागिराला वाजवी दरात आणि महाराष्ट्रात तरी मराठीतून मिळाली पाहिजे. ‘एरर कोड’ची यादी इंग्रजीत छापून ठेवायची आणि मग मिस्त्री अडाणी आहे असे म्हणायचे, हा न्याय नव्हे.

परावलंबनाचा दुसरा पदर आणखी गंभीर आहे. कार्ब्युरेटर हा धातू ओतून, घासून तयार होणारा भाग; इंजेक्शन प्रणालीचे काळीज असलेली चिप मात्र बहुतांशी बाहेरून येते. २०२१ साली जगभर चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा मागणी असूनही भारतातील वाहन कारखान्यांना उत्पादन कमी करावे लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये केंद्राने ७६ हजार कोटी रुपयांची सेमिकंडक्टर योजना मंजूर केली. बोध झाला, हे चांगलेच. पण आत्मनिर्भरता कारखान्यात चिप बनवण्यापुरती नसते. ती बिघडलेली वस्तू आपल्याच गावात, आपल्याच माणसाच्या हातून दुरुस्त होण्यातही असते.

अठरा व्यवसाय आणि एकोणिसावा

१७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी, पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. भारतीय मजदूर संघ ज्या दिवसाला राष्ट्रीय श्रमदिन मानत आला, त्याच दिवशी. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चर्मकार, गवंडी, शिंपी अशा अठरा व्यवसायांना प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दिवसाला पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत तारणाविना, पाच टक्के व्याजाने कर्ज. पारंपरिक कारागिराला इतक्या आपुलकीने हात देणारी योजना यापूर्वी क्वचितच आली असेल.

त्या अठरांत वाहन दुरुस्ती करणारा मिस्त्री नाही. योजना परंपरागत व्यवसायांसाठी आहे, हे त्याचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु परंपरा म्हणजे काय? हाताने, अवजाराने, गुरूजवळ बसून शिकलेली आणि पुढच्या पिढीला दिलेली विद्या ही परंपरेची खूण असेल, तर पन्नास-साठ वर्षांत तीन पिढ्या घडवणारा मोटार मिस्त्री हा विश्वकर्म्याचाच वारस आहे. प्रत्येक युगाचे रथ वेगळे आणि रथकारही वेगळे. एकोणिसावा व्यवसाय म्हणून त्याचा समावेश व्हावा, ही मागणी योजनेच्या मूळ भावनेला धरूनच आहे. पंधरा हजारांत एक कामचलाऊ स्कॅनर आणि मल्टिमीटर येऊ शकतो. पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणात डोळे उघडू शकतात.

आणि सर्व काही सरकारनेच करावे, असेही नाही. प्रत्येक तालुक्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांच्या कार्यशाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात. दुकान बंद केल्यावर दोन तास येऊ शकणाऱ्या मिस्त्रीसाठी तेथे मराठीतून अल्पमुदतीचे वर्ग का चालू नयेत? दहा-बारा मिस्त्रींनी मिळून एक चांगला स्कॅनर घ्यावा, तो पाळीपाळीने वापरावा; सहकाराची ही छोटी सुरुवात विदर्भात अशक्य नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या तरुणांनी सुट्टीत गावच्या मिस्त्रीजवळ बसावे. तो इंजिनाचा ठेका कानाने ओळखायला शिकवील, त्यांनी त्याला सेन्सरची आकृती समजावून द्यावी. या देवघेवीत दोघेही मोठे होतील.

दत्तोपंत ठेंगडी वर्ध्याजवळच्या आर्वीचे. श्रमिक, उद्योग आणि राष्ट्र यांचा विचार एकत्रच झाला पाहिजे, हे त्यांनी आयुष्यभर मांडले. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन सांगताना यंत्राची निवड देशाच्या माणसांकडे आणि परिस्थितीकडे पाहून व्हावी, असा आग्रह धरला. त्यांचा विरोध यंत्राला नव्हता. माणूस वगळून आणलेल्या यंत्राला होता. कार्ब्युरेटरच्या निरोपाला ही कसोटी लावली तर निर्णय योग्य ठरतो आणि त्याची अंमलबजावणी अर्धवट.

१९३० सालच्या जुलै महिन्यात याच जिल्ह्याने जंगल सत्याग्रह पाहिला. पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी कायदा मोडला आणि २१ जुलैला यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. हेडगेवार यांनी. आपल्याच रानातले गवत कापायला परक्याची परवानगी का, एवढाच तो प्रश्न होता. आज राज्य आपले आहे, म्हणून मार्ग सत्याग्रहाचा नाही, आग्रहाचा आहे. पण आपल्याच अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा दोष वाचायला दुसऱ्याची किल्ली का, हा प्रश्न लोहाऱ्याच्या मातीला अनोळखी वाटणार नाही.

चेतक २०२० च्या जानेवारीत परत आली, ती विजेवर चालणारी होऊन. तिला कार्ब्युरेटर नाही, इंजेक्टरही नाही. म्हणजे आज मिस्त्रीला इंजेक्शन शिकवले की काम संपले, असे नाही. आणखी दहा वर्षांत त्याला बॅटरी आणि मोटर शिकावी लागेल. शकुंतलेच्या वाफेच्या इंजिनामागून आलेले डिझेल इंजिनही आज त्या रुळांवर धावत नाही, तसेच हे. यंत्रे येतील आणि जातील. शिकणारा हात मात्र एकदा रिकामा झाला की पुन्हा पाना धरायला परत येत नाही. तो शहराच्या वाटेला लागतो किंवा निराशेच्या. यवतमाळ जिल्ह्याने रिकाम्या हातांची किंमत पुरेशी मोजली आहे. तो हात रिकामा होऊ न देणे, हे आता समाजाचे काम आहे.